पायातल्या चपला

बालवाडीच्या दाराशी काढलेल्या इवल्या चपला दिसल्या की माझं डोकं आजही तापतं. विट्याजवळच्या आमच्या गावात मी बालवाडीची बाई; माझ्या वर्गात एक बारकी मुलगी होती. तिचे वडील लांब मद्रासकडं सोनं गाळायच्या दुकानात. एका सकाळी आई तिला "आलेच हं" म्हणून सोडून गेली आणि दुपारी न्यायला आला चुलता. आई नवऱ्याकडं निघूनही गेली होती. पोरीला सांगितलं का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "आवं बाई, गाडीपाशी दंगा केला असता की तिनं. ल्हान हाय, चार दिसांत इसरंल." दुसऱ्या दिवसापासून ती चपला काढेना. खिचडी खाताना, गाणी म्हणताना, सतरंजीवर झोपतानासुद्धा चपला पायात. आई आली की लगेच निघायचं होतं तिला. चुलता मात्र कौतुकानं म्हणाला, "बघा, रडतबी न्हाई. लय शाणी हाय." असा संताप आला, की त्याला दारातून ढकलून द्यावं! आज सकाळीच एक आई पोराची नजर चुकवून सटकत होती. मी तिला मनगटाला धरून परत आत आणलं. म्हटलं, "रडू दे त्याला. पण तोंडावर सांगून जा."