बोर्डाच्या आत कुंकू कुणी लावलं?

आधीच सांगतो, भूत-बीत मी मानत न्हाय. चौथी नापास माणूस हाय, मोबाईलवर बोलून लिहितोय, चुकलं तर चुकलं. पण मला येडा ठरवायचं काम न्हाय! त्यासाठीच हे लिहितोय.

गडमुडशिंगीत माझं घर हाय. दोन खोल्या, मागं गोठा, दोन म्हशी. कारभारीण उन्हाळ्यात गेली. ती दर खंडेनवमीला विळा, खुरपं, कडबाकुट्टी, सगळ्याला हळद-कुंकू लावायची. लाईटच्या बोर्डालासुद्धा! मी ओरडायचो, "अगं, करंट बसंल की!" तर म्हणायची, "वर्षभर राबतंय ते. तुम्हाला कोण नमस्कार करा म्हणतंय?"

यंदा भावकीनं सांगितलं, दुखवट्याचं वर्ष, सण न्हाय. बरं, न्हाय तर न्हाय. कुणी कशाला बोट लावलं न्हाय. आणि दसरा होतोय न होतोय तोवर घरातले सगळे प्लग मेले. दिवे लागतात, पंखा फिरतो, पण प्लगात मिक्सर घाला, चार्जर घाला, पाण्याचा रॉड घाला... ढिम्म. मिक्सरात शेंगदाणे घातले होते चटणीला, ते तसेच. खटका चालू का बंद, कोण बघतोय.

पोरगा सुभाष कागलच्या एमआयडीसीत कामाला, राहतो कोल्हापुरात फ्लॅटवर. त्याला आयतंच कारण घावलं.

"आबा, एकटं राहणं बास झालं. म्हशी विकू, फ्लॅटवर चला."

म्हशी विकू म्हणे! मी म्हटलं, "आणि प्लग चालू झाले तर?"

"झाले तर ऱ्हावा."

रविवारी सकाळी तोच वायरमनला घेऊन आला. दिलीप म्हणून हाय, गावातलाच. त्यानं फ्यूज बघितला, वायरी बघितल्या, प्रत्येक प्लगात टेस्टर घातला. टेस्टर पेटतोय!

"आबा, करंट हाय. चालायला पायजे की."

"मग चालंना का?"

"तेच तर कळंना."

शेवटी त्यानं मेन स्विच पाडला, सगळ्या घराची लाईट बंद केली, आणि स्वयंपाकघरातला बोर्ड खोलायला घेतला. स्क्रूवर रंग बसलेला. कारभारीण असताना घर रंगवलं होतं, तेव्हाचा. सुरीनं खरवडून काढावा लागला. बोर्डावरचा पत्रा निघाला आणि दिलीपचा हात थांबला. पत्र्याच्या आतल्या अंगाला हळदीचं एक बोट, त्यावर कुंकवाचं. ओलं! दिलीपचं बोट लाल झालं.

सुभाष माझ्यावरच उखडला. "आबा, हे काय केलंसा? बोर्डात कुंकू भरायचं आणि वर प्लग चालंना म्हणायचं?"

माझं टाळकं सरकलं. "आरं, स्क्रूवर रंग होता, बघितलास न्हवं? मी काय भिंतीतनं हात घातला?"

"व्हय, रंग होता," दिलीप हळूच म्हणाला. पण ऐकतोय कोण! सुभाष आतल्या खोलीत जाऊन माझी धोतरं पिशवीत कोंबायला लागला. वर विचारतोय, "टॉवेल कुठं हाय?" जसं काय मी हौसेनं जत्रेला निघालोय.

मला सगळ्यांचाच राग आला. तिचा पण. त्या उघड्या बोर्डापुढं उभा राहून मोठ्यानं म्हटलं, "ऐकलंस काय गं? तुझ्या म्हशी बाजारात निघाल्या!"

पलीकडच्या प्लगातला मिक्सर घर्रर्र करून सुटला. झाकण न्हवतं. शेंगदाण्याचा कूट पार छताला! सुभाष पळत आला तर त्याच्या डोक्यावर.

आणि मेन बंद होता. दिलीपनं स्वतः पाडला होता... जाऊन परत बघितला. बंदच!

मिक्सर आपला आपण थांबला. मग मेन चढवला, तर सगळे प्लग चालू. तेव्हापासून चालूच हायत.

सुभाषनं डोकं झटकलं, धोतरं गुमान खुंटीला लावली आणि गेला. आता पावण्यारावळ्यांना सांगतोय, "काय न्हाय, लूज कनेक्शन होतं." लूज कनेक्शन! मेन बंद असताना? आणि कुंकू पण लूज होतं काय? दिलीपला विचारलं तर तो नुसतं "जाऊ दे की आबा" म्हणतोय.

मला उत्तर ठाऊक न्हाय. कुणाला असंल तर सांगा, पण मला येडा म्हणू नका. दिलीप पत्रा पुसून बसवणार होता, मी त्याचा हात धरला. अजून बी मी काय मानत न्हाय. पण ते कुंकू पुसायचं न्हाय, आणि म्हशी विकायच्या न्हाईत.