हसण्याचा हुकूम

चामराजपेटच्या बँकेतले कॅशियर महांतेशअण्णा मूळचे निपाणीचे. बावीस वर्षांच्या नोकरीत गिऱ्हाइकावर खेकसल्याशिवाय त्यांनी एक नोट सरकवली नव्हती. पंच्याण्णव साली शेजारी खासगी बँक उघडली आणि वरून हुकूम सुटला: गिऱ्हाइकाशी हसून बोला!

दुसऱ्याच दिवशी फूलवाली यल्लव्वा पैसे भरायला आली. अण्णांनी दात काढले. "या अक्का, बसा. पाणी देऊ?"

यल्लव्वानं भरायला आणलेले पैसे परत कमरेला खोचले. बँक बुडाली, नाहीतर हा मेला कशाला हसतोय? तिनं खात्यातले सगळे पैसे मागितले. तासाभरात अख्खा फूलबाजार रांगेत उभा!

मॅनेजरनं अण्णांपुढे हात जोडले. अण्णांनी काउंटरवर मूठ आपटली. "मासळीबाजार आहे का हा? व्हा बाहेर!"

"बँक धडधाकट हाय गं बायांनो!" यल्लव्वा सुखावून ओरडली.