अंजूचं दुकान, काकीचा हात

अंजू राठोडचं दुकान वर्षभर माझ्या व्हरांड्यात होतं. ती राहते पुसदपासून पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या तांड्यावर. पण ज्या कंपनीच्या मोबाइलवरच्या बाजारात तिने दुकान उघडलं, त्या कंपनीची गाडी तांड्यावर माल उचलायला जात नाही. पिनकोड टाकला की "सेवा उपलब्ध नाही" असं येतं. मतदानाच्या वेळी सगळ्यांना बरोबर सापडणारा तांडा कंपनीला काही सापडला नाही. म्हणून पत्ता माझा, माल तांड्यातल्या बायांचा आणि धावपळ अंजूची.

कॉलेजची तीन वर्षं ती आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिली होती. बी.कॉम. झाली आणि नोकरीच्या मागे न लागता एक दिवस मोठं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. "काकू, हे पाहा," म्हणत तिने दिवाणावर पिशव्या, बटवे, तोरणं अंथरली. आरसे, कवड्या, लाल-पिवळ्या दोऱ्याचे बारीक टाके. खोली एकदम उजळली. "आमच्या बाया हे करतेत आन् पेटीत ठेवतेत. लग्नात देतेत. इकत नाई कोनी. म्या इकतो."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. म्या फक्त मधात."

"मधात" हा शब्द ती अगदी हलकेपणाने बोलली. मधात उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून काय काय खावं लागतं, हे तेव्हा तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

यातलं सर्वांत सुरेख काम तिच्या काकीचं, सोनीबाईचं. सोनीबाई साठीची, कमी बोलणारी, पण बोलली की समोरच्याला गप्प बसवणारी. उजव्या हातावर अंगठ्याजवळ गोंदणाचे चार ठिपके आणि पहिलं बोट जरासं वाकडं, लहानपणी जात्यात सापडलेलं. तिची एक सवय होती. सुई ओवण्याआधी विचारायची, "कोनासाठी?" कोण वापरणार हे कळल्याशिवाय तिचा हात चालायचाच नाही. पेटीतली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी लेकीसाठी, सुनेसाठी झालेली. बेवारशी पिशवी तिने जन्मात शिवलेली नव्हती.

आता ऑर्डरवर काय असतं? नाव, गाव, पिनकोड. सोनीबाई विचारायची, अंजू गडबडायची. मग आम्ही दोघींनी यावर तोडगा काढला, आणि अजून त्याचं हसू येतं. व्हरांड्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता अंजू विचारायची, "काकू, नाशिकच्या या बाईचं काय सांगू?" मी म्हणायची, "सांग, शाळेत मास्तरीण आहे. उंच आहे. स्वभावाने कडक." सोनीबाई ते मनावर घ्यायची. मास्तरणीला खडू ठेवायला हवा म्हणून तिने पिशवीला आतून चोरखिसा लावला आणि उंच बाई म्हणून पट्टा लांब केला.

पिशवी परत आली. कारण लिहिलेलं: चित्रातल्यापेक्षा वेगळी.

अशा खूप आल्या. कोल्हापूरच्या "नव्या नवरी"च्या पिशवीला काकीने दोन आरसे जास्त लावले, ती परत. ठाण्याच्या "आजीबाई"साठी रंग सौम्य केले, तीही परत. परत येण्याचा खर्च अंजूच्या माथी. घेणारीने काही कारण द्यावं, कंपनीने ते खरं मानावं, आणि विकणारीला कुणी एका शब्दाने विचारू नये, असा तो कायदा. एक बटवा तर अत्तराचा वास आणि बाहेर हळदीचा डाग घेऊन आला. कुणाच्या तरी हळदीत मिरवून आलेला. अंजूने तो उन्हात टाकला आणि पुढचं खोकं चिकटवायला घेतलं. मी मात्र बोलले. घरात माझे यजमान सोडून ऐकणारं कुणी नव्हतं, त्यांनी ऐकलं.

मग अंजूनेच उपाय शोधला. वस्तू हाताने केलेली आहे, म्हणून एकासारखी दुसरी नसणार, हे चित्रातच दिसू दे. शिवणारा हात चित्रात घ्यायचा. सोनीबाईला विचारलं, तेव्हा ती लाजली, पण दुसऱ्या दिवशी हात घासून, तेल लावून, ठेवणीतल्या बांगड्या घालून बसली. माझ्याच व्हरांड्यात, सकाळच्या उन्हात अंजूने फोटो काढला. लाल पिशवी, त्यात अर्धवट ओढलेली सुई, चार ठिपके आणि वाकडं बोट. खाली लिहिलं, प्रत्येक पिशवी थोडी वेगळी असेल. ज्यांना हे चालेल त्यांनीच घ्यावी.

आणि चाललं की. दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढल्या, परत येणं कमी झालं. तांड्यातली जमनी, जी आधी "हिच्या मोबाईलमध्ये कोन घेते" म्हणून नाक मुरडायची, तीही दोन तोरणं घेऊन आली. तांड्यातल्या बाया अंजूला वाटेत थांबवून "मायं गेलं का?" विचारू लागल्या. ती तांड्यात शिरली की लहान पोरीसुद्धा विचारायच्या. तिचं खरं भांडवल हे होतं. आपल्या लेकीच्या हाती दिलेली वस्तू जिथे जायची तिथे जाते, एवढा भरवसा.

तो कसा गेला, ते सांगते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीतल्या विमलताईंनी मोबाइल पुढे केला. "पाहा हो, किती स्वस्त. अगदी तुमच्या त्या अंजूकडच्यासारखी. पाव किमतीत." मी पाहिलं. लाल पिशवी, सुई, चार ठिपके, वाकडं बोट. मागे माझ्या व्हरांड्याची जाळी. दुकानाचं नाव मात्र भलतंच, कधी न ऐकलेलं.

"विमलताई, हा आमच्या सोनीबाईचा हात आहे."

"असेल. मी मागवली पण." त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला. "वस्तूशी मतलब. हाताशी काय करायचं?"

मी तिथून उठले, ते वाण न घेता.

अंजूला फोन केला, तर तिला आधीच कळलेलं. तांड्यातल्या शाम नावाच्या पोराने तेच चित्र पाहिलं होतं आणि ते मोबाइल-मोबाइल करत सगळ्या घरांत फिरलं होतं. फोटो अंजूनेच काढला, हे सगळ्यांना ठाऊक. मग हिशेब सोपा. अंजूनेच दुसऱ्या नावाने दुसरं दुकान टाकलं. इकडे आपल्याला एक भाव सांगते आणि तिकडे काकीचा हात दाखवून दुसराच धंदा करते.

"बोलणं बंद केलं सगळ्यायनं," अंजू म्हणाली. "काकी दाराला कडी लावून बसली. म्या आवाज देल्ला, ओ देल्ली नाई."

"तू सांगितलं नाहीस का?"

"कायले सांगू, काकू? फोटो मायाच हाये ना."

आम्ही ते सोंग, म्हणजे त्या दुसऱ्या दुकानातली पिशवी, मागवून घेतलं. माझ्याच पत्त्यावर. ते आलं त्या दुपारी मी अंजूच्या स्कूटीवर मागे बसून तांड्यावर गेले. सोनीबाईच्या अंगणात बाया जमल्याच. बोलावणं पाठवावं लागलं नाही. सोनीबाईचा नवरा उत्तमसिंग खाटेवर बसून होता. त्याने मला "या ताई" म्हटलं, अंजूला काही म्हटलं नाही.

जमनीने सुरुवात केली. "आली का शेठाणी? आमच्या काकीचा हात किती रुपयाले लावला, थे सांग पयले."

"जमने, पिशवी तर पाह्य."

"पिशवी कायले पाहू? हात वयखतो म्या."

अंजूने पाकीट तसंच्या तसं, न फोडता सोनीबाईच्या पुढ्यात ठेवलं. सोनीबाईने ते उलटसुलट करून पाहिलं. मग फाडलं. आतून लाल, चकचकीत काहीतरी निघालं. तिने त्यावर बोट फिरवलं आणि थांबली. पुन्हा फिरवलं. टाका बोटाला लागतच नव्हता. टाके छापलेले होते. पिशवी उलटी केली तर आतून पांढरी फटक. आरसा नखाने खरवडला, तसा तो सुटून तिच्याच बोटाला चिकटला. कागदाची चमकी.

एक-दोन बाया हसल्या. जमनीही हसली, पण सोनीबाई हसत नव्हती. ती बोटाला चिकटलेली चमकी झटकत होती आणि ती सुटत नव्हती.

"हे कोनासाठी केलं?" तिने विचारलं.

तिने पिशवी पुन्हा सुलटी केली आणि मान वर केली.

"अंजू, हे तुनं नाई केलं."

"नाई, काकी."

"मग माया हात तिथं काहून हाये?"

या प्रश्नाचं उत्तर मिळवायला आम्ही दोन महिने घालवले. तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं, तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा केली. उत्तर आलं, दोन दुकानांत एकच चित्र आढळल्यामुळे चौकशी पूर्ण होईपर्यंत दोन्ही दुकानं बाजारातून काढत आहोत. चोराला आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याला एकाच कोठडीत. आठवडा झाला नाही तोच चोर नवं नाव घेऊन पुन्हा आला. तेच चित्र, तीच जाळी. अंजूचं दुकान मात्र बंदच. तिला नाव बदलायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी तिने बदललं नसतं. नाव बदलून ती तांड्यावर कुठल्या तोंडाने गेली असती?

एकदा फोन लागला. सोनीबाई त्या दिवशी बाजाराला आली होती आणि व्हरांड्यात बसली होती. पलीकडे एक मुलगा, आवाज फार गोड.

"मॅडम, फोटो आपका है, इसका कोई प्रूफ है आपके पास?"

अंजू म्हणाली, "जिसका हाथ है, वो सामने बैठी है."

"जी मॅडम, मैं समझ सकता हूँ. लेकिन कोई डॉक्यूमेंट?"

सोनीबाईने फोन मागून घेतला. "बेटा, वो हाथ मेरा है. चार टिपके है. बोट टेढा है. देख." आणि तिने खरोखरच हात फोनसमोर धरला. तो नुसता आवाजाचा फोन होता, चित्राचा नव्हता. अंजूने तिला ते सांगितलं नाही. मीही नाही.

"माताजी, असुविधा के लिए खेद है," मुलगा म्हणाला आणि आपल्या सेवेला किती तारे द्याल, असा निरोप मागे सोडून गेला.

लोक आता मला समजावतात. अंजूने ब्रँड नोंदवायला हवा होता. अंजूने मार्केटिंग शिकायला हवं होतं. पुसदमध्ये फी घेऊन हे शिकवणारा एक रजत नावाचा मुलगा आहे, तो तर म्हणाला, "काकू, ती फार इमोशनल होऊन धंदा करत होती." खरं आहे. ती बायांना खरा भाव सांगत होती, खरा फोटो लावत होती, परत आलेला माल स्वतःच्या माथी घेऊन बाईला पूर्ण पैसे देत होती. या बाजारात याला भावनिक म्हणतात. खोटं छापणाऱ्याला काय म्हणतात, ते मी रजतला विचारलं. तो म्हणाला, "स्मार्ट." अंजू कशात कमी पडली, याची यादी सगळ्यांकडे तयार आहे. पण ज्या बाजारात शिवणारी आणि छापणारा एकाच ओळीत दिसतात आणि छापणारा वर दिसतो, त्या बाजाराकडे कुणी बोट दाखवत नाही. मला राग येतो तो याचा.

तांड्यातल्या बायांचा अंजूवर पुन्हा विश्वास बसला. जमनीने स्वतःहून तिला घरी बोलावून भाकर खाऊ घातली. पण माल कुणी दिला नाही. मनातलं किल्मिष गेलं, आपलंही चित्र असंच कुणी पळवेल ही भीती राहिली. उन्हाळ्याच्या तोंडावर सोनीबाई सगळ्यांचा उरलेला माल न्यायला माझ्याकडे आली. अंजू आत पिशव्या वेगळ्या करत होती.

नेमक्या विमलताई आल्या. हातात ती लाल पिशवी, बंद तुटलेला. "पाहा, दोन महिने नाही टिकली. हातकामाच्या वस्तू अशाच हो. या लोकांना फिनिशिंगच नाही."

माझ्या तोंडात जे आलं होतं ते मी गिळलं, कारण सोनीबाई उठली होती. तिने विमलताईंच्या हातातून पिशवी घेतली आणि आपला उजवा हात तिच्या शेजारी ठेवला. "हे म्या नाई केलं," ती म्हणाली. "हात माया हाये. काम मायं नाई."

विमलताईंनी हाताकडे पाहिलं, मोबाइल काढून चित्र पाहिलं, पुन्हा हाताकडे. "अगंबाई, खरंच की," त्या खुशीत म्हणाल्या. "मग तुम्ही तर फेमस झालात."

मी त्यांना दार दाखवलं. शब्दशः. उठून दार उघडलं आणि उघडंच धरून उभी राहिले. गल्लीतले संबंध बिघडले, बिघडू देत.

त्या गेल्यावर अंजूने बायांच्या नावांचे ढीग लावले. हे जमनीचं, हे उत्तमसिंगकाकाच्या बहिणीचं, हे काकीचं. उद्या कुणी म्हणायला नको एखादी वस्तू कमी आली म्हणून, तिने प्रत्येक ढिगाचा फोटो काढायला मोबाइल उचलला. सवयीनेच. सोनीबाई पिशव्यांच्या घड्या घालत होती. मोबाइल वर आला आणि तिचा उजवा हात सर्रकन ओढणीखाली गेला.

अंजूने पाहिलं. "काकी, म्या हाये."

"मालूम हाये. काढ फोटो," सोनीबाई म्हणाली. "पिशव्यायचा काढ."

हात बाहेर आला नाही. अंजूने मोबाइल दिवाणावर पालथा ठेवला, खाली बसली आणि एकेक वस्तू उचलून, कुणाची आहे ते नाव मोठ्याने घेत, काकीच्या डाव्या हातात देऊ लागली.