ये ना एकदा चहाला

ग्राझिना पोलंडहून इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सला आली ती इंग्रजी शिकूनच. व्याकरणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घोडं अडायचं भलतीकडेच. ती कामाला होती त्या लॉन्ड्रीतली मुकादमीण एकदा म्हणाली, "त्या चादरींवर पुन्हा इस्त्री फिरवता येईल का गं, जमलं तर?" ग्राझिनानं घड्याळ पाहिलं, "नाही जमणार," म्हणून प्रामाणिकपणे सांगितलं आणि डबा उघडला. मुकादमीण आठवडाभर फुगून बसली.

शेजारच्या मिसेस सटक्लिफ म्हाताऱ्या, एकट्या. कुंपणापलीकडून त्या नेहमी म्हणत, "ये ना एकदा चहाला!"

रविवारी ग्राझिना खसखशीचा केक घेऊन दारात हजर. बाई घरातल्या झग्यात, केसांना रोलर. "अगंबाई! किती छान!" त्या म्हणाल्या. छान म्हणाल्या म्हणजे छानच, असं धरून ग्राझिना खुर्चीत ऐसपैस बसली.

चहा झाला, केक झाला. बाई म्हणाल्या, "तुला घरी कामं असतील."

"छे हो! सगळी उरकून आलेय."

"तुझा नवरा वाट बघत असेल."

"वाल्डेक? तो मासे पकडायला गेलाय."

बाईंनी दिवा लावला, पडदे ओढले, तोंडावर हात धरून जांभई दिली. ग्राझिनाला वाटलं, काय मायाळू घर आहे! ती आपल्या मावशीच्या गुडघेदुखीची गोष्ट सांगू लागली.

शेवटी मिसेस सटक्लिफ उठून उभ्या राहिल्या. "ग्राझिना, मी दमलेय. आता तू घरी जा!"

बोलून गेल्या आणि स्वतःच कानशिलांपर्यंत लाल झाल्या. ग्राझिनाचा चेहरा मात्र खुलला. तिनं बाईंना कडकडून मिठी मारली आणि तडक घरी गेली.

"त्यांनी मला हाकललं!" तिनं वाल्डेकला आनंदानं सांगितलं.

"आणि तू हसतेस?"

"अरे, आपल्या माणसालाच असं सांगतात."

गुरुवारी बाईंनी तिला मुद्दाम बोलावलं, वेळ सांगून. मटणाचा रोस्ट वाढला आणि विचारलं, "कसा झालाय?"

"खारट," ग्राझिना म्हणाली.

बाईंचा काटा हवेतच थांबला. त्यांनी स्वतः एक घास खाल्ला, मग आणखी एक. "खरंच की गं, मेला खारटच झालाय! आणि आमच्या चर्चमधल्या बायका इतकी वर्षं मिटक्या मारत खातायत!" म्हणत त्या डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या.