माइक बंद झाल्यावर

नांदुऱ्याहून जळगाव जामोदकडे जाताना रस्त्याला लागूनच आमचं गाव आहे. आमच्या यांचा मांडव आणि साउंडचा धंदा. लग्न, सप्ताह, उरूस, जयंती, काहीही असो, आसपासच्या गावांत भोंगा वाजला की तो आमच्याच घरचा. बोलणं मात्र यांचं फार कमी. माइक हातात घेऊन 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणायचं आणि तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा, एवढंच. लग्नानंतर बरेच दिवस मला वाटत होतं, यांना माझ्याशी बोलायचंच नाही. मग लक्षात आलं, यांचं सगळ्यांशीच असं आहे.

एका माणसाशी अबोला मात्र मुद्दाम होता. माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ. दोघांच्या वावरामधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बिनसलं होतं. मोजणी झाली, पंच बसले, एकदा तर गोष्ट हातघाईवर आली. घरांची मधली भिंत एकच, पण एकमेकांच्या दारात कोणी पाय ठेवत नव्हतं. जाऊबाई आणि मी मागच्या अंगणातून हळूच बोलायचो, तेही दोघं भाऊ वावरात गेले की.

मग एका उन्हाळ्यात शेजारच्या गावी लग्नाचा मांडव घालताना यांच्या हातातला लोखंडी पाइप वरच्या विजेच्या तारेला लागला आणि हे खाली फेकले गेले. मला निरोप आला तेव्हा यांना अकोल्याला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, बरगड्या मोडलेल्या. डॉक्टर म्हणाले, वाचले हेच खूप आहे.

बाजूच्या खाटेवर सातपुड्याच्या पायथ्याकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. सायकलवरून पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं. त्यांची बायको सोबतीला होती. ती माउली ख्रिस्ती होती. मला चहा आणून द्यायची, मी रडत असले तर पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहायची. संध्याकाळी ती नवऱ्याला त्यांचं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायची. एक दिवस तिनं यांना विचारलं, "बापू, तुह्यासाठी प्रार्थना केली तर चालन का?"

हे म्हणाले, "करा. काय बिघडते?"

मग रोज करायची. हे डोळे मिटून पडलेले असायचे. मला वाटायचं, झोपले. पण ते ऐकत होते. एका संध्याकाळी तिच्या वाचनात असं काही आलं, की देवापुढं काही ठेवायला निघालास आणि भावाशी बिनसलंय हे आठवलं, तर ते तिथंच ठेव आणि आधी भावाकडं जा. मला ते साधंच वाटलं. यांनी मात्र तोंड भिंतीकडे फिरवलं. पट्ट्या बांधलेल्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते म्हणून मी पदरानं पुसले.

सुट्टी होऊन घरी आलो, तर हे आपल्या दारात न थांबता सरळ भावाच्या दारात गेले. मी मागं पिशवी घेऊन उभी. भासरे ओट्यावर बसले होते. हे वाकले आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

"दादा, थो धुरा तुहा. मले नाही पाहिजे. मले फक्त तू पाहिजे."

भासऱ्यांनी दोन्ही हातांनी यांना उठवलं. मग म्हणाले, "मी आलतो अकोल्याले. दवाखान्याच्या गेटापर्यंत. वर यायची हिंमत नाही झाली."

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या दिवशी आम्ही त्यांच्याच घरी जेवलो. जेवताना यांनी दवाखान्यातली सगळी हकिगत सांगितली, येशूचं नाव घेतलं, आता मी त्याला मानतो असंही सांगून टाकलं. भासऱ्यांचा हात ताटातच थांबला.

"माफी मागतली, लय चांगलं केलं," ते म्हणाले. "पण हे दुसरं माह्यासमोर काढू नको. आपल्या घरात मारुती हाये."

तिथून जे सुरू झालं, ते मला आवरता येईना. आयुष्यभर गप्प असलेला माणूस बोलायला लागला. चहाच्या टपरीवर, बसथांब्यावर, मांडव ठरवायला आलेल्या गिऱ्हाइकाशी. "भाऊ, तारीख धरली तुमची. अन् एक गोठ सांगू का? ऐकायची असन तरच." कोणी हसून ऐकायचं, कोणी उठून जायचं. आमच्या गोदामात कनातींच्या गुंडाळ्या बाजूला सारून रविवारी चार माणसं प्रार्थनेला बसू लागली. भाजी विकणारी एक विधवा बाई, शेजारच्या गावचं एक जोडपं. अधूनमधून दवाखान्यातले ते म्हातारा-म्हातारी बसनं यायचे, ती काठी टेकत चालणाऱ्या नवऱ्याला दंडाला धरून.

गावात कुजबुज होती, ती मग तोंडावर आली. पिठाच्या गिरणीत बायका माझ्याकडं पाहून बोलणं थांबवायच्या. पोट्टे यांना वाटेत अडवून विचारायचे, "किती पैसे भेटले बे?" वयानं यांच्या अर्धे असलेले पोरगे 'बे' म्हणायचे. बसथांब्यावर एकानं कॉलर धरून यांना हलवलं. यांनी त्याचा हात झटकला नाही. नुसतं म्हणाले, "पैसे भेटले असते तर तुले चहा नसता पाजला का?" लोक हसले, म्हणून तेवढ्यावर भागलं. पण दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी गोदामात शिरून ब्लेडनं कनाती फाडल्या. ठरलेली दोन लग्नं दुसऱ्याकडे गेली.

मी त्या कनाती शिवत बसले होते. सुई बोटाला टोचली आणि मनात साचलेलं सगळं बाहेर आलं.

"मनात ठेवा ना तुमचा देव. कोण नाही म्हणते? तोंडावर काऊन आणता?"

हे कनातीचं दुसरं टोक धरून बसले होते. म्हणाले, "अवं, मी जमिनीवर पडलो होतो तव्हा मले कोणी उचललं, हे मले ठाऊक हाये. त्याचं नाव घ्यायले लाजू का?"

"अन् आम्ही? आमचं काय?"

यांनी कनातीचं टोक आणखी ताणून धरलं. कनात शिवून होईपर्यंत उठले नाहीत.

मग एके दिवशी सकाळी कोतवाल निरोप घेऊन आला. शनिवारी दिवस मावळताना मारुतीच्या सभामंडपात बैठक आहे, यांनी हजर राहायचं. गाव विचारणार आहे. शनिवारी दुपारी तोच कोतवाल पुन्हा आला. दारातच मान खाली घालून उभा राहिला.

"आता काय?" मी विचारलं.

"वहिनी, बैठकीले माइक पाहिजे होता. गावात दुसरा हाये कुठी?"

मला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाला गाव जाब विचारणार, त्याच्याच माइकवर! मी म्हटलं, "नाही देत म्हून सांगा." पण हे आतून आले आणि बॉक्स उचलायला लागले. हातांना अजून जोर नव्हता, तरी उचलत होते.

"बैठक गावाची हाये. माइक लागतेच," एवढंच म्हणाले.

सभामंडपात यांनी वायर ओढली, स्टँड उभा केला, 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणून पाहिलं. मग सरपंचांसमोर माइक ठेवून समोरच्या फरशीवर जाऊन बसले. आम्ही बायका कडेला खांबांजवळ होतो. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

सरपंच तसे बरे माणूस. ते शांतपणे म्हणाले, "गावात भांडण नको म्हून बोलावलं. तू धर्म सोडला म्हणते. लोकायले फितवून राह्यला म्हणते. काय खरं हाये ते सांग." त्यांनी माइक यांच्या हातात दिला.

हे उभे राहिले.

"तुम्ही सगळे मले ओळखता," ते म्हणाले. "तुमच्या पोरींचे मांडव म्या घातले. मी कोणाले पैसे देल्ले नाही, कोणाकून घेतले नाही. कोणाच्या देवाले नावं ठेवत नाही. मी येशूले मानतो, कारण..."

इथं आवाज गेला. मागं बसलेल्यांपैकी कोणीतरी प्लग उपटला होता. पोट्ट्यांचा घोळका हसला, एकानं शिट्टी मारली. यांनी हातातल्या माइककडे एकदा पाहिलं, तो खाली फरशीवर ठेवला आणि तसंच बोलत राहिले. आवाज मोठा केला नाही. त्यामुळं पुढच्यांना कान द्यावा लागला, ते मागच्यांना 'गप बसा' म्हणू लागले, आणि हळूहळू मंडप गप्प झाला.

"कारण माह्या मनात भावाबद्दल जहर होतं. मी दवाखान्यात मेलो असतो, तर थे जहर घेऊनच मेलो असतो. येशूनं आपल्याले मारणाऱ्यायलेही माफ केलं, हे म्या तठी ऐकलं, अन् माह्यातलं जहर गेलं. मी काही शिकलेला नाही. मले एवढंच सांगता येते. ज्याले ऐकायचं नाही त्यानं ऐकू नये. पण कोणी विचारलं, अन् मी भीतीनं तोंड बंद ठेवलं, असं माह्याच्यानं होणार नाही."

"मग वाळीत टाका!" मागून आवाज आला. "गावाबाहेर काढा!" दोघंतिघं उठून पुढं आले. मी डोळे मिटले.

तेवढ्यात भासऱ्यांचा आवाज ऐकू आला. ते भजनी मंडळात पखवाज वाजवतात, गावात त्यांना मान आहे. ते जागेवरूनच उठले.

"माहा देव हा," त्यांनी मारुतीकडं हात केला. "मरेपर्यंत हाच राहीन. याचं म्हणणं मले पटत नाही, मी त्याले घरी रोज बोलतो. पण आमच्या धुऱ्यासाठी याच मंडपात तुम्ही सारे बसले होते. कोणाच्यानं मिटलं? हा आला अन् पाया पडला. मी थोरला, मले नाही जमलं थे. याले काढता? काढा. मग मलेही काढा. भिंत एकच हाये आमची."

सरपंचांनी घसा खाकरला, 'पुढं पाहू' म्हणाले आणि बैठक मोडली. ठराव काहीच झाला नाही. हे वायर गुंडाळायला लागले, तेव्हा भासरे आले आणि बॉक्सची दुसरी बाजू त्यांनी धरली. दोघं भाऊ तो बॉक्स घरापर्यंत घेऊन आले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. गणपतीचं काम आमच्याकडं परत आलं नाही, आता नांदुऱ्याचा एक माणूस येतो. काही घरांतून मला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. जुनी गिऱ्हाइकं मात्र हळूहळू परतली. नांदुऱ्याच्या एका मुसलमान व्यापाऱ्यानं मुलीच्या लग्नाचा मोठा मांडव यांनाच दिला आणि वर म्हणाला, "भाई, जो मानते हो, खुलके मानते हो. काम भी वैसाच करोगे." गोदामातली प्रार्थना चालू आहे. भासरे आत कधी येत नाहीत. पण रविवारी बरोबर त्या वेळेला खाट काढून गोदामाच्या दारासमोर टाकतात आणि तिथं बसून राहतात. विचारलं तर म्हणतात, "उन्हं खाऊन राह्यलो."

माझं म्हणाल तर, मी आधी यांच्या सोबतीला म्हणून त्या प्रार्थनेत बसायचे. गाणी पाठ झाली. मग घरात एकटी असतानाही मी येशूशी बोलायला लागले. ते नेमकं कधी सुरू झालं, मला सांगता येत नाही. कोणाला सांगितलंही नव्हतं, यांनासुद्धा नाही.

गेल्या वर्षी भाच्याचं बारसं होतं म्हणून देऊळगाव राजाला माहेरी गेले. घरभर पाहुणे. बायकांची पंगत बसली होती. भावजयीकडच्या एक मावशी मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय गं, तुमच्याकडचे बाटले म्हणे? खरं आहे का?"

ताटांचा आवाज थांबला. वाढणारा भाऊ मध्येच म्हणाला, "लोक काहीबी बोलत्यात मावशी, तुम्ही भात घ्या." मी नुसतं हसले असते तरी विषय संपला असता. पण तोंडातून शब्द निघून गेले.

"बाटले नाहीत, मावशी. ते येशूला मानतात. आणि मीही मानते."

मावशी अर्ध्या ताटावरून उठल्या. बारशाचा रंग गेला. भाऊ मला आत नेऊन खूप बोलला. "चार लोकांत सांगायची कामून गरज होती तुला? माझ्या पोराच्या बारशाला?" त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. तो अजूनही माझ्याशी मोजकंच बोलतो.

पाहुणे पांगल्यावर मी चुलीपाशी गेले. पंगतीत माझ्या पोटात काहीच गेलं नव्हतं. आई पोळ्या करत होती. तिनं माझ्याकडं न पाहताच विचारलं, "बाई, आता तू माझ्या हातचं खाशील ना?"

दुपारपासून तिला तेवढीच एक काळजी होती. माझे डोळे भरून आले.

"खाईन गं आई. कामून नाही खाणार?"

"मग बस."

मी बसले. तिनं ताट पुढं ठेवलं. मी डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना केली, जशी आम्ही घरी करतो. डोळे उघडले तर आई तव्यावरची पोळी उलथन्यावर घेऊन तशीच थांबली होती. तिनं ती माझ्या ताटात घातली.

"काय मागितलंस?"

"तुझे गुडघे बरे होऊ दे म्हणून."

आई दुसरी पोळी लाटता लाटता म्हणाली, "मग जोरात मागायचं की. मला आजकाल नीट ऐकू येत नाही."