आम्ही चार पेन्शनर आणि आमची काटकसर

पेन्शन महिन्यातून एकदाच येते, पण पेन्शनरांचे किस्से रोज येतात! दोन हजार सालाच्या आसपास पोंभुर्ण्याच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही चार रिटायर लोक संध्याकाळी चहाला जमायचो. मी तहसीलीतला क्लार्क. विषय एकच, पैसा कसा वाचवायचा. वाचला किती, ते मात्र विचारू नका!

*

मेश्राम गुरुजी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. लाइटबिल कमी करायचं म्हणून त्यांनी घरभर झिरोचे बल्ब लावले. त्या उजेडात काकूंनी तांदूळ निवडला. तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या दाताखाली खडा आला आणि दाढ अर्धी तुटली. चंद्रपूरला दाताच्या डॉक्टरकडे तीन चकरा झाल्या. गाल टम्म सुजलेला, तरी गुरुजी आम्हाला बिल दाखवत होते, "पण पाहा नं, किती कमी आलं!"

*

याच गुरुजींकडे एक एजंट आला, त्यांचाच जुना विद्यार्थी. "गुरुजी, पैसा आमच्या स्कीममधे टाका, पाच वर्षांत डबल!"

"आधी सतराचा पाढा म्हण."

तो सतरा सत्तेवर अडकला. गुरुजींनी त्याला हाकललं आणि ऐटीत आम्हाला सांगितलं, "ज्याले पाढा येत नाई, त्याच्या हाती मी पैसा देऊ?"

रामटेकेबाई, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या आमच्या रिटायर नर्स, शांतपणे म्हणाल्या, "पण त्याले पाढे शिकवले कोणं होते, गुरुजी?"

*

बाईंना पासष्ट वर्षं पूर्ण झाली. एसटीत आता अर्धं तिकीट! वयाचा दाखला पर्समध्ये घालून त्या चंद्रपूरला निघाल्या. "एक हाफ."

कंडक्टरनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काऊन मजाक करता बाई? तुम्ही तं पन्नासच्याही वाटत नाई!"

बाईंनी दाखला बाहेर काढलाच नाही. फुल तिकीट घेतलं, वर कंडक्टरला दोन पेरू दिले!

*

मीही काही कमी नाही. कुरखेड्याला साडूकडे गेलो, तिथे तांदूळ किलोमागे रुपयाभर स्वस्त. उचललं पन्नास किलोचं पोतं! तीन बस बदलल्या, प्रत्येक ठिकाणी हमाल, वर लगेजचं तिकीट. कंबर धरली ती वेगळीच. घरी बायकोनं पोत्यावरचं छापील नाव वाचलं, "अवो, हा तं मूलच्या मिलचा तांदूळ होय!"

मूल गाव आमच्यापासून एसटीनं तासाभराच्या आत आहे.

*

चौथे रहीमभाई. फॉरेस्टची जीप त्यांनी तेहतीस वर्षं चालवली. सरकारी गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे त्यांची बेगम, म्हणजे आमच्या चाची, त्या जीपमध्ये एकदाही बसल्या नव्हत्या. आमच्यात सगळ्यांत चेंगट, चिक्कू रहीमभाईच! एके दिवशी म्हणाले, "उद्या मी येत नाई. जीप सांगितली भाड्यानं. ड्रायव्हरसकट."

आम्ही उडालोच. "ड्रायव्हर काऊन? तुम्ही आहा नं! तेवढाच पैसा वाचला असता."

"नाई. उद्या मी मागं बसीन. बेगमच्या बाजूले."

सकाळी नवा शर्ट घालून, चाचींना खिडकीशी बसवून निघाले. दिवसभर जंगलातले रस्ते फिरले. पळस फुललेला दिसला की चाची जीप थांबवायच्या.

दुसऱ्या संध्याकाळी रहीमभाई लंगडत आले. "पाय लय दुखून राह्यला."

"काऊन? बसूनच तं गेले होते!"

"बसूनच गेलो यार, पण गाडी तो पोरगा चालवत होता नं! दिवसभर मागून ब्रेक मीच दाबून राह्यलो!"

"आणि चाची?" रामटेकेबाईंनी विचारलं.

"तिचं काय! वापस येताना झोपली माझ्या खांद्यावर. मग ब्रेकही हळूच दाबा लागला."