आजोबांच्या काकूंचं माहेर

“तिच्यापुढे एक आडवी रेघ मार आणि पुढे हो,” बाहेरच्या खोलीतून चुलत आजोबांचा आवाज आला.

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. गाळणं हातात तसंच राहिलं.

चुलत आजोबा पुण्याहून आमच्याकडे दिल्लीतल्या द्वारकेला आले होते, घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी कच्ची पानं घेऊन. बाबांनी ती एकदा नजरेखालून घालायची, मग उद्याच्या विमानाने पानं परत जाणार आणि छापायला दिली जाणार. रेघ मारायची होती ती माझ्या आजोबांच्या काकूंपुढे. लग्नानंतर वर्षभरात त्यांचे यजमान गेले. मूल नव्हतं. पुढे त्यांचं काय झालं ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मंडळींनी चौकशा केल्या होत्या, हाती काही लागलं नव्हतं.

माझ्या हाती लागलं होतं. पण घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मराठीतलं काही असलं की मला कुणी विचारत नाही. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन हे मी अजून आईला विचारते.

सुरुवात झाली फरीदाबादला, मावसबहिणीच्या लग्नात. तिच्या नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती माझ्या कानाशी म्हणाली, “फोटोपुरतं आहे यार. आधारवर जुनंच राहणार.”

मी हसले आणि मग एकदम थांबलेच. काकूंचंही जुनं नाव असणार. आमच्या घराण्याने त्यांना शोधलं ते तांदळांतल्या नावाने. आमच्या पुस्तकात त्यांच्या माहेरचं फक्त आडनाव आणि गाव आहे. पण माहेरच्या घराण्याचाही कुलवृत्तांत असेलच की, आणि तिथे त्या सून नाहीत, मुलगी असतील.

त्या पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत इंटरनेटवर मिळाली. मी स्क्रीनवर बोट ठेवून, अक्षर लावत वाचत गेले. एका पानावर ‘सासर’ या शब्दापुढे आमचं आडनाव दिसलं आणि मी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्याआधी एक नाव, जे आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. पुढे लिहिलं होतं: बी.ए., शिक्षिका, आणि करोल बागेतल्या एका मुलींच्या शाळेचं नाव. दिल्लीत! आमच्याच मेट्रोच्या ब्लू लाइनवर!

शाळा अजून आहे. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, “आपकी कौन लगती थीं?” मला नातं हिंदीत सांगता येईना. “दादाजी की चाची,” मी कशीबशी म्हणाले. त्यांनी मला जिन्यातल्या भिंतीपाशी नेलं. शिक्षकांचा जुना फोटो, खाली नावं. काकू कडेला उभ्या होत्या, मनगटावर घड्याळ, मान किंचित वर. खाली माहेरचंच नाव आणि त्यापुढे इंग्रजीत ‘मॅथेमॅटिक्स’. मी फोनवर त्यांचे इतके फोटो काढले की त्या बाई हसायला लागल्या. परतताना माझं स्टेशन मागे पडलं तेही कळलं नाही.

आता मी चहा टेबलावर ठेवला आणि फोन चुलत आजोबांपुढे सरकवला. शाळेचं, दुसऱ्या पुस्तकाचं सगळं एका दमात सांगून टाकलं, निम्मं इंग्रजीत.

“अरे वा, आमची कॉन्व्हेंटवाली आता आम्हाला घराणं शिकवणार,” ते बाबांना म्हणाले. मग चष्मा लावून बराच वेळ फोटो बघत राहिले. “ह्या होय काकू,” ते हळूच म्हणाले. “माझे बाबा सांगायचे, घरात सगळ्यांचे हिशेब त्याच तपासायच्या.”

आई पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

“बरं,” चुलत आजोबांनी पेन उचललं. “शिक्षिका, दिल्ली. रेघ गेली. नाव मात्र आपलंच ठेवू. सून सासरच्या नावानेच लिहायची पद्धत आहे.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी अशा वेळी मी मान हलवते आणि कप उचलून आत जाते.

“त्या नावाने त्या जेमतेम वर्षभर जगल्या, आजोबा,” मी म्हणाले. “त्यांचं स्वतःचं आधी लिहा. आपण दिलेलं कंसात टाका.”